गोष्ट परमुलखाची, प्राणी शिवारातले

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पण ती एकट्या आपली नाही. बंगालात तिच्या वाटेवर कोल्हा, वाघ आणि अस्वल उभे राहतात, इराणात लांडगा, बिबट्या आणि सिंह, तर आपल्याकडे वाघोबा आणि कोल्होबा. कथानक तेच, वाट अडवणारे तेवढे बदलले. गोष्टीचा सांगाडा मुलूखभर फिरतो. तिच्यातल्या प्राण्यांचा स्वभाव मात्र त्या त्या शिवारात घडतो, असं माझं म्हणणं आहे.

हिंगोली जिल्ह्यातला कोल्हाच घ्या. कयाधूकाठची झुडपं, पैनगंगेकडचे झाडीचे डोंगर आणि मधली काळी जमीन, अशा मुलखात तो दिवसा दडून राहतो आणि तिन्हीसांजेनंतर गावाच्या कडेला येतो. उंदीर, खेकडे, मेलेलं जनावर, बोरं, टरबूज, मक्याचं कणीस, जे मिळेल ते खातो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण त्याला रात्री वाडीत शिरताना पाहिल्याशिवाय सुचणारी नाही. अंगात वाघाचं बळ नाही, पाठीशी लांडग्यासारखा कळप नाही. रान आणि गाव यांच्या सीमेवर अकलेनंच पोट भरायचं. गोष्टीतली त्याची लबाडी आणि हुशारी इथूनच आली. उलट लांडग्याला गोष्टीत कुणी दया दाखवत नाही, कारण माळावर मेंढरं राखणाऱ्याचं नुकसान तोच करतो.

नागपंचमीच्या कहाणीत हे आणखी नेमकं दिसतं. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्लं मरतात आणि ती सूड घेते. नागीण साधारण उन्हाळ्याच्या सुमारास अंडी घालते, दोनेक महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. तेव्हा पावसाळा असतो, बिळांत पाणी शिरतं आणि उंदरांच्या मागावरचे साप बांधावर दिसू लागतात. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, हा दंडक म्हणूनच मला अर्थपूर्ण वाटतो. नाग दूध पीत नाही, मग कहाणी खरी कशी, असं कुणी विचारेल. दुधाचा नैवेद्य हा माणसाचा विधी झाला. बीळ, फाळ आणि श्रावण या गोष्टी मात्र शेतात पाहिलेल्या आहेत.

याहून मोठा आक्षेप सिंहाचा. मराठवाड्यात सिंह नाही, तरी गोष्टींत राजा तोच. हे खरं आहे. तो पंचतंत्रातून आला. म्हणूनच तो राज्य करतो, गर्जतो आणि विहिरीत पडतो, एवढंच. तो कुठल्या ओढ्यावर पाणी पितो, कुणाच्या गोठ्यापाशी घुटमळतो, हे कुणीच सांगत नाही. वाघाची गोष्ट निराळी. जिल्ह्यात त्याचं राखीव जंगल नसलं, तरी तो इथल्या मुलखाला परका झालेला नाही. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ हिंगोलीच्या हद्दीतून पुढे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला.