फेडलेले कर्ज कागदावर जिवंत राहते तेव्हा

"साहेब, मी तं कर्ज मोकळं करेल शे. मंग हाई थकबाकी कथाईन उनी?"

चोपडा तालुक्यातले एक आप्पा सिबिलचा कागद पुढे करून मला विचारत होते. तीन एकर मृगबाग लावायची, त्यासाठी ठिबकचे कर्ज हवे, म्हणून ते एका बँकेत गेले. तिथे जुने पीककर्ज थकीत म्हणून समोर आले. हे कर्ज २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत माफ झालेले. यादीत नाव होते, आधार प्रमाणीकरणाची पावतीही जपून ठेवलेली होती. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. शासनाची रक्कम जमा झाली, पण मधल्या काळाचे थोडे व्याज खात्यावर राहून गेले. खाते बंदच झाले नाही. ते व्याज वाढत गेले आणि आप्पा कागदोपत्री थकबाकीदार ठरले. घरी साधी नोटीससुद्धा आली नाही.

हा कागद तयार होतो कसा?

बँका आपल्या कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांना पाठवतात. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण सरसकट सगळ्यांनाच सिबिल म्हणतो. अहवालात ३०० ते ९०० पर्यंत गुण असतात. पण कंपनी मनाने काही लिहीत नाही. बँकेने जे पाठवले तेच मांडते. तेव्हा थकबाकीचा शेरा हा काही कोर्टाचा निकाल नव्हे, ती एक नोंद आहे. नोंद चुकते, तशी दुरुस्तही होते. दुरुस्तीचा हक्क आपल्याला २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने दिला आहे.

घोळ नेमका कुठे असतो?

पहिला घोळ कर्जमाफीचा. हे दुखणे जुने आहे. केंद्राच्या २००८ च्या कर्जमाफीची तपासणी कॅगने केली. २०१३ च्या त्या अहवालात, तपासलेल्या ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत शेतकऱ्याला माफीचा दाखला दिल्याचा पुरावाच सापडला नाही. दाखला हातात नसला, की पुढे भांडायचे कशाच्या जोरावर?

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे, बापाचेही नाव तेच असलेले दोन-तीन पाटील सहज निघतात. आधार किंवा पॅनचा एक आकडा चुकला, की एकाचे कर्ज दुसऱ्याच्या डोक्यावर बसते.

तिसरा प्रकार मात्र घोळ नाही. भाऊबंदाच्या ट्रॅक्टरला आपण जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले, तर ते कर्ज आपल्याही अहवालात दिसते. ती नोंद खरी आहे, तक्रार करून ती पुसली जात नाही. म्हणून आधी अहवाल नीट वाचा, मगच भांडा.

काय करावे?

१) अहवाल मागवा. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून कंपनीच्या संकेतस्थळावरून तो काढून घ्या. कोणत्या बँकेचे, कोणते खाते आणि किती रक्कम, हे लिहून ठेवा.

२) ज्या बँकेने नोंद केली, त्या शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत भरणा पावत्या, कर्जमुक्तीच्या यादीची प्रत, खातेउतारा जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही-शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगून काम होत नाही.

३) त्याच दिवशी पतमाहिती कंपनीकडेही तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपा. कंपनी बँकेला विचारते. दुरुस्तीची किल्ली शेवटी बँकेकडेच असते.

४) दिवस मोजा. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन क्रमांक आहे.

दोन गोष्टी मात्र करू नका. जे देणे लागत नाही, त्यापोटी "थोडे भरा, तडजोड करू" म्हटले तर घाईने सही करू नका. तडजोडीचा शेरा अहवालात राहतो आणि पुढची बँक तोही वाईटच धरते. दुसरे, "पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही आणि खोटी नोंद फुकट दुरुस्त होते.

पीककर्जासाठी सिबिलची सक्ती नको, असे राज्य सरकारने बँकांना २०२५ मध्येही बजावले. पण ठिबक, ट्रॅक्टर, गोठा, मुलाचे शिक्षण यांचे कर्ज मागायला गेलो, की हा कागद पुढे येतोच. तो खराब निघाला तर माणूस नाइलाजाने सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

गावातल्या अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. कर्जमाफीच्या याद्या ग्रामपंचायतीत जपून ठेवा. गटसचिवांनी कर्ज फिटताच बेबाकी दाखला द्यावा, शेतकऱ्याला तो मागायला लावू नये. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की नाही, ते तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडून त्याच वेळी पाहून घ्यावे.

आप्पांची नोंद दुरुस्त झाली आणि कर्जही मिळाले. पण तोवर आषाढ सरला होता. मृगबाग हुकली, लागवड कांदेबागेवर गेली. चूक दुसऱ्याची, हंगाम मात्र आप्पांचा गेला.

पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो. तसाच हा कागदही होळीच्या सुमारास एकदा तपासून घ्यावा. चूक निघालीच, तर मृगापर्यंत ती निस्तरायला वेळ हातात राहतो.