वानखेडेवर आपलं नगर

नगरहून वानखेडेला आयपीएलची मॅच बघायला जाताय? आधी कामाचं सांगतो. पाण्याची बाटली, पॉवर बँक, बॅग गेटच्या आत सोडत नाहीत. एसटीतून उतरून थेट गेटवर जाणाऱ्यांची इथंच पंचाईत होते. सामान आधी कुठंतरी ठेवा, मोबाईल फुल चार्ज करा. चर्चगेटपासून स्टेडियम पायी जवळच आहे.

तिकीट काढताना मी सचिन तेंडुलकर स्टँड बघतो. कारण? त्याच्याजवळच सचिनचा पुतळा आहे. १ नोव्हेंबर २०२३ ला अनावरण झालं, आणि तो घडवलाय आपल्या नगरच्या प्रमोद कांबळे यांनी! चेहरा स्टीव्ह स्मिथसारखा दिसतो म्हणून मीम्स फिरले. फिरू देत. फॉरवर्ड करणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना शिल्पकार नगरचा आहे हे माहीत होतं?

मग पिचकडे बघा. २ एप्रिल २०११, वर्ल्ड कप फायनल. श्रीरामपूरच्या झहीर खानच्या पहिल्या ५ ओव्हर: ३ मेडन, ६ रन, १ विकेट. शेवटी १० ओव्हरमध्ये ६० गेले, तेही खरं. पण धोनीच्या सिक्सपुढं त्या ३ मेडन कुणी काढतच नाही राव!

आणि हो, साडेसातची मॅच सुटायला अकरा वाजून जातात. परतीची गाडी सकाळचीच धरा.