पहिली-दुसरीच्या वर्गातलं नेट

पहिली-दुसरीच्या वर्गात इंटरनेट येतं ते बहुतेक वेळा आदल्या रात्री. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तर ते बाईंच्या मोबाइलमध्ये बसूनच येतं. शाळा डोंगराच्या पोटाशी, त्यामुळे रेंजची कधी एक काडी दिसते, कधी तीही नाही. बाई तालुक्याच्या गावी राहतात. रात्री घरचं आवरलं की दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ शोधायचे, शेवटपर्यंत पाहायचे, मग आवाज बंद करून पुन्हा पाहायचे आणि कामाचे तेवढे उतरवून ठेवायचे, हा त्यांचा नेम. वर्गात थेट लावायला गेलं तर आधी जाहिरात येते, आणि व्हिडिओ संपला की कुणी न मागता दुसरा सुरू होतो.

आवाज बंद करून पाहण्यालाही कारण आहे. निवेदन बहुतेक वेळा हिंदीत असतं, किंवा पुस्तकी मराठीत. सहा वर्षांच्या पोराला त्यातलं निम्मं कळतं आणि उरलेल्या निम्म्यात तो खिडकीबाहेर बघतो. म्हणून चित्र नेटवरचं आणि बोलणं बाईंचं, अशी वाटणी झाली आहे. गावाच्या वर्गणीतून आलेल्या टीव्हीला मोबाइल वायरने जोडतात. व्हिडिओ दोन मिनिटांचा असला तरी तो संपायला अर्धा तास लागतो, कारण बाई दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबवतात. ‘आता काय होईल?’ असं विचारतात आणि मुलं सांगतील ते सगळं ऐकून घेतात. खरं शिकवणं चालतं ते या थांब्यांमध्ये.

जुलैतली गोष्ट. शाळेमागच्या डबक्यातून बेडकाची शेपटीवाली पिल्लं काचेच्या बरणीत आणून ठेवली होती. त्याच दिवशी टीव्हीवर बेडकाची वाढ दाखवली. अंडी, शेपटी, मागचे पाय, पुढचे पाय, शेपटी आखडत गेली आणि बेडूक टुणकन उडाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर तीन-चार जण बरणीभोवती बसले, ते उठेचनात. बाई आल्या तेव्हा एक मुलगी तक्रारीच्या सुरात म्हणाली, ‘‘बाई, आपल्यांना पाय का नाय फुटलं? टीव्हीतल्याला तर लगेच फुटलं.’’

मोठ्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. व्हिडिओ पळवून दाखवलेला असतो हे आपण गृहीत धरतो, पण पहिलीतल्या मुलाला दिसतो तोच खरा वेळ वाटतो. बाईंनी समजावून सांगण्याच्या फंदात न पडता भिंतीवरची दिनदर्शिका काढून बरणीशेजारी टांगली. रोज एक जण चौकट खोडणार आणि पिल्लं कशी दिसतात ते शेजारी काढणार. चित्रं भयंकर निघाली. काही पिल्लांना डोळे होते, काहींना मिशा. पण मागचे पाय आधी आले आणि पुढचे नंतर, हे मुलांनी आपल्या खडूने टिपलं. त्यात कित्येक आठवडे गेले, बरणीतलं पाणी वरचेवर बदलावं लागलं, दोन पिल्लं मेली. पुन्हा तोच व्हिडिओ लावला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘ह्यो लय घाई करतोय.’’

सरकारी शाळांत पडदा आणि प्रोजेक्टर आले त्याला आता बरीच वर्षं झाली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव यात आधी घ्यावं लागतं. आदिवासी पाड्यावरची ही शाळा संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल केली आणि पुढे राज्यभरातून शिक्षक ती पाहायला येऊ लागले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं तर आता सर्वांना माहीत आहे. रणजितसिंह डिसले तिथे 2009 मध्ये रुजू झाले तेव्हा शाळेच्या एका अंगाला गोठा होता. पुस्तकातल्या धड्याशेजारी क्यूआर कोड चिकटवायचा, मोबाइलने टिपला की कविता ऐकू यावी, गोष्ट दिसावी, ही त्यांची युक्ती. 2017 मध्ये राज्याने ती पाठ्यपुस्तकांसाठी उचलली. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

कोड आता बालभारतीच्या पुस्तकांवर छापूनच येतो. तो टिपला की ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरचं साहित्य उघडतं. अर्थात नेट असेल तर, आणि टिपायला फोन असेल तर. जुन्नरच्या त्या वर्गात फोन एकच, बाईंचा. त्यातला डेटाही बाईंचाच. त्याच फोनवर हजेरीची, पोषण आहाराची आणि निरनिराळ्या पोर्टलची माहिती भरायची असते. महिन्याच्या अखेरीला रेंजमध्ये बसण्याचा वेळ आकडे भरण्यात जातो आणि मुलांच्या वाट्याचा व्हिडिओ राहून जातो. ‘डिजिटल शाळा’ म्हणून फलक लागतो तेव्हा या हिशेबाबद्दल कुणी बोलत नाही. वीजबिल थकून जोडणी तुटली तर फलक तेवढा लावलेला राहतो.

उपग्रहातून गाव पाहण्याचा तास मात्र बाईंनी कधी चुकवला नाही. गूगल अर्थ उघडायचं, पृथ्वीचा गोळा फिरवायचा आणि खाली खाली यायचं. धरणाचं पाणी दिसलं की गलका सुरू होतो, कारण पुढचा रस्ता मुलांना पाठ असतो. देऊळ सापडलं की शाळा, शाळा सापडली की घर. एकदा एका मुलाला घर काही सापडेना. घरकुल मंजूर होऊन त्यांचं स्लॅबचं घर नुकतंच बांधून झालं होतं, आणि चित्रात त्या जागी मोकळं वावर. त्याच चित्रात वादळात पडलेला आंबा मात्र उभा होता. मुलगा रडवेला झाला. बाकीच्यांनी मग छडा लावला: फोटो जुना आहे, आंबा पडायच्या आधीचा. नेटवर दिसतं ते आत्ताचंच असेल असं नाही, हे अनेक मोठ्यांना आयुष्यभर उमगत नाही. दुसरीच्या वर्गाने ते एका आंब्यावरून काढलं.

वाचन हा या वयातला खरा डोंगर, आणि तिथे नेट जपून वापरावं लागतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर 2015 पासून खुल्या परवान्याच्या गोष्टी मिळतात. पातळ्या चार, पैकी पहिलीत पानावर एखाद-दुसरं वाक्य आणि मोठं चित्र. परवाना खुला असल्याने गोष्ट छापता येते, आणि मूळ लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून बदलताही येते. बाई शब्द बदलतात. पोरांच्या घरी जो शब्द आहे तो घालतात, मग छापील पानं शिवून वर्गातल्या दोरीवर टांगतात. पुस्तक नेटवरून आलेलं असतं, पण मूल ते बोटाने ओळ धरूनच वाचतं.

मुलाचं वाचन ऐकून घेणारी ॲप्सही आली आहेत. गूगलचं ‘बोलो’ 2019 मध्ये भारतात आलं, पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने ते मराठीतही मिळू लागलं. एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं, हा त्याचा मोठा गुण. पण पंचवीस पोरं एकाच खोलीत मोठ्याने वाचत असतील तर फोनने कुणाचं ऐकायचं? म्हणून वाचणारा एक जण व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसतो. लाजरी मुलं इथे खुलतात, कारण चुकलं तर हसायला कुणी नसतं. धीट मुलं मात्र लवकर कंटाळतात. त्यांना ऐकणारं माणूस लागतं.

मुळात एवढ्या लहान मुलांना पडद्यापुढे बसवावं का, याबद्दल सरकारचंही एकमत नव्हतं. करोनामुळे शाळा बंद असताना, 2020 च्या जूनमध्ये राज्याने पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्ग नकोत म्हटलं आणि जुलैत ठरावीक वेळेची मुभा दिली. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासमालिका सुरू झाली, तर त्या काळात सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पुढच्या वर्षी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांहून कमी अशी मर्यादा सांगितली. त्यात घरातला मोबाइलही आला. जुन्नरच्या त्या वर्गात टीव्ही आठवड्यातून दोन-तीनदाच लागतो, आणि ते पुरेसं आहे.

गूगल अर्थचा तास सोडला तर थेट नेट वापरायची वेळ येते ती दुसऱ्या शाळेशी बोलताना. खेळ सोपा आहे: पलीकडचा वर्ग कुठल्या गावचा, हे ओळखायचं. प्रश्न असे विचारायचे की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच यावं. पूर्वी शिक्षक हा खेळ स्काइपवर खेळायचे. 2025 च्या मे महिन्यात स्काइप बंद झालं, आता साधा व्हॉट्सॲप कॉलही चालतो. सात वर्षांच्या मुलाला असा प्रश्न घडवणं किती जड जातं, ते तालमीत दिसतं. पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुमचं गाव कोणतं?’ सगळे हसतात आणि दुसरा मुलगा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो.

कॉलच्या दिवशी अख्खा वर्ग देवळाच्या पायऱ्यांवर आला, कारण बरी रेंज तिथेच येते. महाराष्ट्राचा नकाशा पायरीवर पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले.

‘‘तुमच्याकडं डोंगर हाय का?’’ हो.

‘‘भात लावत्यात का?’’ हो.

‘‘मंग शेजारीच हायेत,’’ एकाने जाहीर करून टाकलं.

‘‘समुद्र हाय का?’’ हो.

यावर नकाशाभोवती झुंबड उडाली. एकाचे वडील मुंबईला कामाला, त्याने ठामपणे मुंबईवर बोट ठेवलं. नाही. बोट किनाऱ्याने खाली सरकू लागलं. अलिबाग? नाही. रत्नागिरी? उत्तर यायच्या आत आवाज तुटला, पडद्यावर पलीकडच्या मुलाचं उघडं तोंड तसंच थिजलं. मग उरलेले प्रश्न बाईंनी आवाजी निरोपातून पाठवले आणि उत्तरं थांबून थांबून येत गेली. वेंगुर्ला निघालं तेव्हा शाळा सुटायची वेळ टळून गेली होती.

पुढच्या खेपेला चंद्रपूरकडची शाळा घ्यायचं ठरलंय. मुलांनी पहिला प्रश्न आताच ठरवून टाकला आहे: ‘तुमच्याकडं वाघ हाय का?’ बाईंना आधी तिथल्या गुरुजींना फोन करून विचारायचंय, दुपारी लाईट असते ना?