‘५५० म्हणजे ५००पेक्षा भारी’: सळईबद्दलचे गैरसमज

पनवेल परिसरात घर बांधायला काढलं की लोखंडाची चौकशी हमखास कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये होते. तिथे सळईचा दर्जा एका आकड्यात सांगतात: ४१५, ५००, ५५०. आकडा मोठा तेवढा माल भारी, अशी समजूत घरमालकापासून मुकादमापर्यंत अनेकांची असते. ती अर्धवट आहे, आणि भूकंपात ती जिवावर बेतू शकते.

मुळात ‘५००’ हा सळई तुटण्याचा आकडा नव्हे. प्रयोगशाळेत सळईचा तुकडा युटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) यंत्राच्या जबड्यात धरून ओढतात आणि स्ट्रेस-स्ट्रेन आलेख काढतात. उभ्या अक्षावर दर चौरस मिलिमीटरला पडणारं बल, आडव्या अक्षावर मूळ लांबीच्या मानाने झालेली वाढ. सुरुवातीला रेषा सरळ चढते. इथे ओढ सोडली तर सळई पूर्ववत होते. पुढे ती ‘यील्ड’ होते, म्हणजे कायमची लांबू लागते. दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ही त्या जागेची किमान मर्यादा. १२ मिलिमीटरच्या सळईला तिथवर न्यायला जवळपास पावणेसहा टनांची ओढ लागते. सळई तरीही तुटत नाही, आणखी भार घेते. आलेखाचं शिखर ही तिची टेन्साइल स्ट्रेंग्थ; आयएस १७८६ या मानकानुसार ५०० ग्रेडच्या, म्हणजे एफई ५०० सळईसाठी ती किमान ५४५ हवी.

शिखरानंतर रेषा खाली येते, म्हणून धातू कमजोर झाला असं वाटतं. प्रत्यक्षात सळई एका ठिकाणी बारीक होत जाते आणि आलेख मात्र बलाला मूळ जाडीनेच भागत राहतो. त्या बारीक झालेल्या जागी खरा ताण तुटेपर्यंत वाढतच असतो.

‘५५० वापरलं की बीम कमी वाकतो’ हेही खरं नाही. आलेखाच्या सरळ भागाचा चढ सगळ्या ग्रेडना सारखाच असतो, सुमारे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. २५० न्यूटनच्या ताणाखाली एक मीटर सळई सव्वा मिलिमीटर लांबते, मग ती ४१५ असो वा ५५०.

सगळ्यात घातक गैरसमज ताकदीलाच दर्जा मानण्याचा. १२ मिलिमीटरच्या सळईवर ६० मिलिमीटर अंतराने खुणा करतात, ती तुटल्यावर दोन्ही तुकडे जुळवून पुन्हा मोजतात. अंतर जवळपास ७० भरलं तर इलाँगेशन, म्हणजे लांबीतली वाढ, १६ टक्के. एफई ५०० डीला किमान एवढं लागतंच. साध्या ५००ला १२ टक्के पुरतात आणि साध्या ५५०ला फक्त १०! ‘डी’ म्हणजे डक्टाइल, ताणलं जाण्याची क्षमता जास्त असलेली. भूकंपात खांब-बीमच्या जोडाजवळची सळई यील्ड होणार हे गृहीत धरूनच आराखडा करतात. ती जेवढी लांबेल तेवढी हादऱ्याची ऊर्जा पचवते. टेन्साइल आणि यील्ड यांत पुरेसं अंतर असेल तर लांबलेला भाग कडक होतो आणि ताण शेजारच्या भागाकडे सरकतो. अंतर कमी असेल तर सगळं ताणणं काँक्रीटच्या एकाच भेगेपाशी एकवटतं आणि सळई तिथेच तुटू शकते. म्हणून ५०० डीसाठी टेन्साइल भागिले यील्ड हे गुणोत्तर किमान १.१० ठेवलं आहे, तर साध्या ५५०ला १.०६ चालतं.

आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई-नवी मुंबईचा पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे. इथल्या इमारतीसाठी माझं मत स्पष्ट आहे: साध्या ५५०पेक्षा ५०० डी केव्हाही बरी. ५५०च हवी असेल तर ५५० डी घ्या, आणि आराखड्यात लिहिलेली ग्रेड इंजिनिअरला विचारल्याशिवाय बदलू नका.

गाडी रिकामी करण्याआधी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यात यील्ड, टेन्साइल आणि इलाँगेशन हे तिन्ही आकडे वाचा, आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, सळईच्या बंडलाला लावलेल्या टॅगशी ताडून पाहा.