लाजेपोटी घेतलेली गोळी

१९५४ हे वर्ष पिंपरी-चिंचवड परिसराच्या इतिहासात लक्षात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. सरकारी मालकीचा देशातील हा पहिला औषध-कारखाना. योगायोग असा की, त्याच १९५४ साली संसदेने औषधे व जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा संमत केला. पुरुषाची लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणारी जाहिरात त्या कायद्याने गुन्हा ठरली आणि पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवण्यात आली. एकाच वर्षी देशाने खऱ्या औषधाचा कारखाना उभारण्यास हात घातला आणि खोट्या औषधाच्या जाहिरातीस पायबंद घातला.

या दोन्ही गोष्टींना आता सत्तर वर्षे उलटून गेली. पिंपरीहून लोकलने दोन स्थानके पुढे असलेल्या आकुर्डीत आज औषधांच्या दुकानांची वाण नाही. डॉक्टर आहेत, दवाखाने आहेत, महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय फारसे दूर नाही. तरीही पुरुषाला आपल्या संसारातील एका खाजगी अडचणीवर उपाय हवा असला, की त्याची पावले अजून डॉक्टरकडे वळत नाहीत. रस्त्याच्या कडेला राहुटी ठोकून, बरण्यांतून मुळ्या आणि भुकट्या मांडून बसलेल्या माणसाकडे ती वळतात. नाही तर रात्री उशिरा, दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही असे पाहून, औषधविक्रेत्यापुढे खालच्या आवाजात एका गोळीचे नाव घेतले जाते. पहिल्या मार्गाने पैसा जातो. दुसऱ्या मार्गाने कधी कधी जीव जातो. या लेखाचा विषय मुख्यतः हा दुसरा मार्ग आहे.

विकार आहे, कलंक नव्हे

समागमासाठी लागणारी शिश्नाची ताठरता न येणे किंवा न टिकणे यास वैद्यक स्तंभनदोष म्हणते. लोकव्यवहारात त्यासाठी जो शब्द वापरला जातो तो रोगाचे वर्णन करण्याऐवजी रोग्याचा अपमान करतो. इंग्रजीतही हीच स्थिती होती. म्हणूनच १९९२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने जुना, 'नामर्दपणा' सुचविणारा शब्द सोडून देण्याची शिफारस केली. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाळीस ते सत्तर वयोगटातील ५२ टक्के पुरुषांत हा दोष कमीअधिक प्रमाणात आढळला होता. जी गोष्ट निम्म्या पुरुषांना कधी ना कधी अनुभवास येते तिला कलंक कसे म्हणावे?

ताठरता हा मुळात रक्ताभिसरणाचा व्यवहार आहे. मनात इच्छा उत्पन्न झाली की मज्जातंतूंच्या टोकांतून व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात सुटतो. त्याच्या प्रेरणेने रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात आणि रक्त आत शिरते. शरीरातील रक्तवाहिन्यांना असा निरोप पोचविणारा हा वायू आहे, या शोधाबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे ध्यानात घेतले, म्हणजे मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू आणि अतिरिक्त मद्यपान यांचा या दोषाशी एवढा निकटचा संबंध का, याचा उलगडा होतो. ज्या ज्या गोष्टी रक्तवाहिन्यांना बिघडवितात, त्या त्या येथेही बिघाड करतात. मनावरचा ताण, नैराश्य आणि काही औषधे हीही कारणे असतातच.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. शिश्नातील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात. रक्तवाहिन्यांत मेद साठण्याची क्रिया सुरू झाली, तर तिचा परिणाम बहुधा बारीक वाहिन्यांत आधी जाणवतो. त्यामुळे हा दोष पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसू लागतो. निसर्गाने दिलेला हा पूर्वइशारा असतो. जो माणूस परस्पर गोळी घेऊन तो इशारा मिटवून टाकतो, तो धूर नको म्हणून खिडकी उघडतो आणि आग मात्र तशीच धुमसत ठेवतो.

हृदयासाठी शोधलेले औषध

सिल्डेनाफिल या औषधाची जन्मकथा यासंदर्भात बोधप्रद आहे. इंग्लंडमधील सँडविच येथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले, ते छातीत येणाऱ्या कळेवर उपाय म्हणून. त्या कामी ते फारसे उपयोगी पडले नाही. परंतु चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत स्तंभनदोषावरील औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. पुढे हेच रसायन फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याच्या विकारातही, स्त्रियांनासुद्धा, दिले जाऊ लागले. तेव्हा या गोळीत 'मर्दानगी' भरलेली नाही. रक्तवाहिन्या सैल करणारे ते एक औषध आहे, इतकेच.

ते इच्छा निर्माण करीत नाही. इच्छा असेल तर तिच्या मागून येणाऱ्या शारीरिक क्रियेला साहाय्य करते. साधारणतः तासभर आधी ते घेतात. भरपेट, तेलकट जेवणानंतर घेतले तर परिणामास उशीर लागतो. अशा वेळी 'लागू पडली नाही' म्हणून दुसरी गोळी घेणे हे मोठेच साहस होय, कारण चोवीस तासांत एकाहून अधिक मात्रा घ्यावयाची नसते. मात्रा पंचवीस, पन्नास की शंभर मिलिग्रॅमची, हे रोग्याचे वय, यकृत व मूत्रपिंड यांची स्थिती आणि चालू असलेली इतर औषधे पाहून ठरते. मित्राला कोणती मानवली यावरून ठरत नाही. टॅडालाफिल हे याच वर्गातील दुसरे औषध. त्याचा परिणाम दीड दिवसापर्यंत टिकतो, म्हणून त्याबाबतची सावधगिरीही अधिक काळ पाळावी लागते.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, अपचन, दृष्टीला किंचित निळसर छटा दिसणे हे त्रास बहुधा आपोआप ओसरतात. परंतु एका डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली, ऐकू येणे अचानक कमी झाले, किंवा ताठरता चार तासांहून अधिक टिकली, तर संकोच बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. शेवटच्या बाबतीत विलंब झाल्यास कायमचे नुकसान होते.

दोन गोळ्यांची गाठ

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळा आहे. आकुर्डीतील एका माणसाचे चित्र कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. साठ-सत्तरच्या दशकांत या पट्ट्यात कारखाने उभे राहिले तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून तरुण येथे आले. त्यांच्या मागून ऐंशीच्या दशकात आलेल्यांपैकी हा एक. आयुष्यभर तीन पाळ्यांत काम केले. बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यातील उत्पादन २००७ साली थांबले ते त्याने पाहिले आहे. आता तो निवृत्त आहे. मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली तेव्हापासून खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते. एके रात्री तो कोणास न सांगता ती दुसरी गोळी घेतो. थोड्या वेळाने छाती भरून येते. घाबरलेली पत्नी त्याच्या खिशातून सॉर्बिट्रेट काढून त्याच्या जिभेखाली ठेवते. तिच्या दृष्टीने ती नवऱ्याचे प्राण वाचवीत असते.

प्रत्यक्षात घडते ते उलट. सॉर्बिट्रेट व नायट्रोग्लिसरीन ही नायट्रेट वर्गातील औषधे, आणि हृदयरोग्यांना दिले जाणारे निकोरँडिलदेखील, नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने रक्तवाहिन्या सैल करतात. ही औषधे त्या वाटेवरचा निरोप वाढवितात आणि सिल्डेनाफिल तो निरोप पुसू देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धोक्याच्या पातळीखाली कोसळू शकतो. आधीच उपाशी असलेल्या हृदयाला रक्त मिळेनासे होते. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून निदान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट द्यावयाचे नसते. ज्याला नायट्रेट चालू आहे त्याने ही औषधे मुळीच घ्यावयाची नसतात. या चित्रातील पत्नीचा काही दोष नाही. तिला माहीत असते तर तिने सॉर्बिट्रेट दिली नसती. थेट रुग्णालय गाठून तेथील डॉक्टरांना सांगितले असते.

सावधगिरीची यादी येथेच संपत नाही. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, रक्तदाब फार कमी वा आटोक्याबाहेर असलेल्यांनी, काही आनुवंशिक नेत्ररोग असलेल्यांनी ती घेऊ नयेत. लघवीच्या तक्रारीसाठी, प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे, वयस्कांना जी औषधे दिली जातात त्यांपैकी काहींनी रक्तदाब आणखी उतरतो. एरिथ्रोमायसिन, कीटोकोनॅझोल यांसारखी औषधे सिल्डेनाफिलचे रक्तातील प्रमाण वाढवितात. मद्याची जोड तर टाळलेलीच बरी.

राहुटीतील भुकटी निदान निरुपद्रवी असेल, असे समजणेही भोळेपणाचे आहे. 'संपूर्ण वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. ज्याने गोळी टाळून पुडी घेतली, त्याच्याही पोटात तीच गोळी गेलेली असू शकते. फक्त किती, हे ना विकणाऱ्यास ठाऊक ना घेणाऱ्यास.

चिठ्ठी कशासाठी?

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा कायदा आहे. आपल्याकडे चिठ्ठी म्हणजे सरकारने मध्ये घातलेला एक अडसर, अशी समजूत रूढ झाली आहे. वास्तविक चिठ्ठीचा कागद हा महत्त्वाचा नव्हेच. तो हाती पडण्यापूर्वी जी प्रश्नोत्तरे व्हावयाची असतात, ती महत्त्वाची. छातीत दुखते का? दोन जिने दम न लागता चढता येतात का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? साखर शेवटची कधी तपासली? तंबाखू किती? घरात काही ताण आहे का? या सहा प्रश्नांत माणसाचे प्राण वाचविण्याचे सामर्थ्य आहे. चिठ्ठी टाळणारा माणूस कागद टाळत नाही. तो हे प्रश्न टाळतो.

परंतु सारा दोष रोग्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मधुमेह्याची साखर, रक्तदाब, डोळे, पाय हे सारे तपासणारे डॉक्टरही याविषयी आपण होऊन क्वचितच विचारतात. टेबलाभोवती पाच-सहा रोगी उभे असताना कोण तोंड उघडणार? प्रत्येक मधुमेही व रक्तदाबाच्या रोग्याला डॉक्टरांनी एकांतात हा प्रश्न विचारावा आणि हृदयरोग्याला नायट्रेट लिहून देतानाच दुसऱ्या गोळीचा इशारा, शक्य तर पती-पत्नी दोघांना मिळून, द्यावा. औषधविक्रेत्याने चिठ्ठी मागावी आणि ती नसल्यास परत पाठविण्याचे धैर्य दाखवावे. कारखान्यांतून कामगारांची वार्षिक तपासणी होते तेथे या एका प्रश्नाची भर घालण्यास खर्च येत नाही.

तरुणांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. निरोगी तरुणाला पहिल्या वेळी वाटणारी धास्ती हा रोग नव्हे. मित्रांच्या बढाया ऐकून गोळी घेणाऱ्यास पुढे गोळीवाचून आपले चालणारच नाही असे वाटू लागते. शरीराला नसलेली व्याधी अशा रीतीने मनाला जडते. आमच्या शाळा-महाविद्यालयांतून शरीरशास्त्राचा हा धडा घाईघाईने उलटला जातो. त्याची पोकळी कोण भरून काढतो, हे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी त्यात दिलेली उत्तरे अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. त्या काळी उत्तर देणे हा गुन्हा ठरला होता. आज तसा खटला कोणी भरीत नाही; उत्तर देणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. अडून राहिला आहे तो प्रश्न. तो विचारण्यास लागणारे पाच मिनिटांचे धैर्य आकुर्डीच्या एखाद्या गृहस्थाने उद्या सकाळी दाखविले, तर कदाचित त्याची गोळीची गरज भागेल, कदाचित त्याचा दडलेला मधुमेह सापडेल. आणि आधीच गोळी घेत असेल तर निदान एवढे तरी त्याने आज रात्री करावे: खिशात सॉर्बिट्रेट असेल तर ती गोळी घेऊ नये, आणि छातीत कळ आलीच तर समोर येणाऱ्या पहिल्या डॉक्टरला, नाव विचारण्याआधी, आपण काय घेतले आहे ते सांगावे.