पेंटेकॉस्ट आणि शेतातला सरवा

प्राचीन इस्राएलात सातू आधी पिके आणि गहू त्यानंतर काही आठवड्यांनी. वल्हांडणाच्या दिवसांत सातूची पहिली पेंढी याजकाकडे न्यायची, त्याने ती परमेश्वरासमोर ओवाळायची आणि त्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे. पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या सुगीचा सण. हिब्रूत तो शावुओत, मराठी बायबलमध्ये सप्ताहांचा सण. ग्रीक बोलणारे यहुदी त्याला ‘पन्नासावा’ या अर्थाने पेंटेकॉस्ट म्हणत. ख्रिस्ती जगात तेच नाव रुजले.

आज पेंटेकॉस्ट म्हटले की ख्रिस्ती माणसाला वाऱ्याचा घोंघाट, अग्नीच्या जिभा आणि पवित्र आत्मा आठवतो. गहू आठवत नाही. हे खटकते. पार्थियापासून रोमपर्यंतचे यहुदी त्या दिवशी यरुशलेमेत होते, ते सुगीच्या या सणामुळेच. येशूच्या सुमारे १२० अनुयायांच्या मंडळीत त्या एका दिवशी जवळपास ३,००० माणसांची भर पडली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नोंदले आहे. धान्याच्या सणाला माणसांची सुगी झाली.

पौलाची भाषाही शेतातलीच आहे. करिंथकरांना लिहिताना तो मेलेल्यांतून उठलेल्या येशूला प्रथमफळ म्हणतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिली पेंढी हाती आली की मागे उभे पीक असतेच. येशू उठला, तसे त्याचे लोकही उठतील, ही आशा त्या एका शब्दात आहे. रोमकरांच्या पत्रात तो पवित्र आत्म्यालाही प्रथमफळ म्हणतो. म्हणजे मिळाले ते खरे, पण पूर्ण पीक अजून यायचे आहे.

वल्हांडणाला घरात खमीर ठेवायलाही बंदी. सप्ताहांच्या सणाला मात्र खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण करायच्या, रोज घरात खातात तशाच. या दोन भाकरींत काही ख्रिस्ती भाष्यकारांना यहुदी आणि परराष्ट्रीय दिसले. हे अनुमानच, पण सुंदर आहे.

सणाचा खरा कस मात्र शेताच्या कोपऱ्यात लागतो. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात अर्पणांचे सगळे नियम सांगून झाल्यावर लगेच आज्ञा येते: कडेकोपऱ्यांतले पीक कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबांचे आणि परदेशीयांचे आहे. अनुवादाच्या पुस्तकात सणाच्या आनंदात दास, परका, अनाथ आणि विधवा यांनाही बसवायला सांगितले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: तुम्हीही मिसरात दास होता. यहुदी परंपरेत या सणाला रूथचे पुस्तक वाचतात. मवाबी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. ती परकी बाई पुढे दावीद राजाची पणजी झाली. मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव घातले आहे.

महाराष्ट्रात याचा एक धागा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला सापडतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या, केडगावच्या शेतजमिनीवर त्यांना आसरा दिला. तेच मुक्ती सदन. १९०५ मध्ये तिथल्या प्रार्थनेत पेंटेकॉस्टसारखा पवित्र आत्म्याचा अनुभव आल्याची साक्ष दिली गेली. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून पेंटेकॉस्टल चळवळ पसरली, ती त्यानंतरच्या वर्षी. केडगावात हा अनुभव ज्यांना आला, त्यांत दुष्काळाने अनाथ केलेल्या मुली होत्या. ज्यांच्यासाठी शेताचा कोपरा राखायचा, त्याच.

यंदा पेंटेकॉस्टच्या रविवारी प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचून झाला की लेवीय २३ मधले बाविसावे वचनही वाचावे, आणि शक्यतो मोठ्याने, सगळ्या मंडळीसमोर.