कर्ता मागे का जातो?

इंग्रजीच्या पेपरातल्या ‘चेंज द व्हॉइस’ या प्रश्नाचं उत्तर मराठी मुलांना तोंडपाठ असतं: कर्म पुढे आणा, ‘टू बी’चं रूप घ्या, क्रियापदाचं तिसरं रूप लावा, कर्त्याआधी ‘बाय’ लिहा. कृती बरोबर आहे, पण ती कधी करायची हे फारसं शिकवलं जात नाही. (याच वाक्यात कोण शिकवत नाही ते आलेलं नाही, सांगायची गरजही नव्हती.) त्यात ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ हा समज गोंधळ वाढवतो. ‘रामाने पोळी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पोळीच्या लिंगाप्रमाणे बदललं. तरी वाक्याच्या केंद्रस्थानी रामच आहे आणि इंग्रजीत त्याचं सरळ अॅक्टिव्हच होतं. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाते ती ‘पोळी रामाकडून खाल्ली गेली’ ही रचना, जिला आपली व्याकरणं ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. ती कानाला खटकते.

इंग्रजीत मात्र पॅसिव्हला रोजचं काम आहे, आणि ते बहुतेकदा ‘बाय’शिवाय चालतं. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या व्याकरणानुसार दर पाच पॅसिव्ह वाक्यांतल्या साधारण चारांत कर्ता नसतोच. ‘माय सायकल वॉज स्टोलन’ म्हणताना चोर ठाऊक नसतो, बोलणं सायकलीचं असतं. ‘बाय’ येतो तो बहुधा कर्ता हीच नवी माहिती असते तेव्हा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसविषयी चार वाक्यं लिहून झाल्यावर ‘इट वॉज डिझाइन्ड बाय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स’ हेच नीट बसतं: विषय इमारतीचाच राहतो आणि वास्तुकाराचं नाव शेवटी ठसतं.

अॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह वाक्यांचा अर्थ एकच, मग एवढा खल कशाला, असं कुणी म्हणेल. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्येच दाखवलं की तो नेहमी एक नसतो. ‘खोलीतल्या प्रत्येकाला किमान दोन भाषा येतात’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात प्रत्येकाच्या भाषा वेगळ्या असू शकतात; पॅसिव्ह केलं की सगळ्यांना त्याच दोन येतात, असा अर्थ पुढे येतो. दुसरा आक्षेप जड आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 मध्ये लिहिलं की अॅक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नये. 1987 मध्ये इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हणाले, तेव्हा चुका कुणी केल्या ते वाक्यातून गळलंच होतं. ऑर्वेल यांची चिंता रास्त आहे. पण ‘मिस्टेक्स हॅपन्ड’ हे अॅक्टिव्ह वाक्यही तेवढंच लपवतं. दोष बोलणाऱ्याच्या हेतूत असतो, रचनेत नाही.

परीक्षेत सुटं वाक्य उलटवायला देण्याऐवजी एखाद्या परिच्छेदातली एक जागा मोकळी ठेवावी आणि तिथे कोणतं रूप बसेल, का बसेल, हे विचारावं. तिसरी रूपं त्यातही पाठ होतील.